मताला पत्ता असू द्या

पत्र: मी मुलुंडला राहते. फोर्टात एका विमा कंपनीच्या ऑफिसात बावीस वर्षं नोकरी करतेय. वाचन सगळं गाडीतलं, जाता-येता. हाताला येईल ते वाचते. कादंबरी, आत्मचरित्र, मुलीने आणून दिलेलं एखादं अनुवादित पुस्तक. ती आता पुण्याला हॉस्टेलवर असते. पुस्तक संपलं किंवा हातातून सुटलं की वहीत दोन-तीन ओळी लिहिते. अशा १४२ नोंदी झाल्यात. आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण पुस्तकांवर बोलायला जमतो. गेल्या खेपेला मी म्हटलं, 'कोसला' मी साठाव्या पानावर सोडली आणि 'स्वामी' मला फार आवडली, पेशव्यांचा खरा इतिहास कळला. तिथे येणारे एक निवृत्त प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "वाचणं वेगळं आणि वाचलेलं कळणं वेगळं. असल्या मतांना अर्थ नसतो." कोणीच काही बोललं नाही, मीही नाही. त्या दिवसापासून वहीत एक ओळ लिहिलेली नाही. काही पानांच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय. त्यातल्या 'बलुतं'वर मी शनिवारी कधी बोलत नाही. मत बदललं तर जुनी नोंद खोडायची का, तेही सांगा. माझ्यासारखीला मत असायचा हक्क आहे का? नसेल तर रविवारी रद्दीवाला येतो, त्याला वही देऊन टाकते.
— एक साधी वाचक, मुलुंड

ताई,

वही रद्दीत घालू नका. हे आधीच सांगते, म्हणजे रविवार आला तरी धोका नको.

हक्काच्या प्रश्नात मी फार वेळ घालवणार नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं, मुंबईचं १८९८ मध्ये. दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्या वर्गणीदारांच्या जिवावर अशी वाचनालयं चालत आली आहेत. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाला कधी, पुस्तक कळेल ना, असं विचारून आत सोडलेलं नाही. तुम्ही त्या रांगेतल्या आहात आणि मीही त्याच रांगेतली आहे.

सर चारचौघांत तुम्हाला जे बोलले ते मला लागलं. माणूस पुस्तकाबद्दल बोलायला तोंड उघडतो तेव्हा तो स्वतःबद्दलही थोडं सांगत असतो, म्हणून तिथे जपून बोलावं लागतं. त्यांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारायला हवा होता: साठाव्या पानावर काय होतं?

कारण तुमच्या वहीत त्याचं उत्तर आहे. 'पान ६०. मेसचे पैसे, पोरांची टोळकी. दिवसभर ऑफिसात हिशोबच बघते. सोडलं.' ही नोंद मी तीनदा वाचली. तुमचं मत नेमकं कुठे तयार झालं ते हिच्यात लिहिलेलं आहे. मी याला मताचा पत्ता म्हणते. 'आवडलं', 'रटाळ आहे', 'अप्रतिम' हे शब्द पाकिटावर नुसतं 'मुंबई' लिहून पेटीत टाकावं तसे असतात, कुठेच पोचत नाहीत. पान, प्रसंग, तेव्हा तुम्ही कुठे होतात आणि काय झालं, एवढं लिहिलं की दुसऱ्याला त्या जागी जाऊन बघता येतं. मग तो तुमच्याशी भांडूही शकतो, आणि ते भांडण ऐकण्यासारखं होतं.

आता मी त्या पत्त्यावर जाऊन आले, ते सांगते. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेलवर राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो आणि वडिलांचे पैसे उधळून बसतो. तुमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर आहे. दर महिन्याला तिच्या खात्यात पैसे तुम्ही टाकता. ताई, ती पानं तुम्ही पांडुरंगाच्या खोलीत बसून वाचलीच नाहीत. तुम्ही ती मनीऑर्डर पाठवणाऱ्या बापाच्या ओसरीवर बसून वाचलीत. तिथून तो मुलगा सहन होत नाही, हे मला पटतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली तेव्हा ते स्वतः पंचविशीत होते, आणि ती त्या वयाच्या आतून लिहिलेली आहे. विशीत वाचणाऱ्याला ती आपली वाटते. पंचेचाळिशीतली आई वाचते तेव्हा तिला वेगळंच पुस्तक दिसणार. हे जर तुम्ही त्या शनिवारी असं बोलला असतात, तर त्या खोलीतल्या निम्म्या बायका तुमच्या बाजूला सरकल्या असत्या आणि सरांनाही विचार करावा लागला असता. तुमच्या मताला अर्थ होता. तो वहीत राहिला आणि तोंडी फक्त 'सोडली' एवढंच आलं.

सोडलेलं पुस्तक पुन्हा हातात घ्यायची सक्ती नाही. पण एक सांगावंसं वाटतं. पुढे पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तोवर 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' करत सगळ्यापासून लांब राहणारा तो मुलगा त्या पानांत ज्या तऱ्हेने दुःख करतो, तसं मराठीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. एखाद्या सुट्टीच्या दुपारी, घरी, दार लावून फक्त तेवढा भाग वाचा. गाडीत नको. कुर्ल्याला आत घुसणाऱ्या गर्दीत ती पानं वाचू नयेत. नाहीच पटलं, तर तेही लिहा, पानाच्या आकड्यासकट.

'स्वामी'बद्दल मात्र मी सरांच्या बाजूला थोडी सरकणार आहे. राग मानू नका.

तुमची नोंद: 'पेशव्यांचा खरा इतिहास कळला. रमाबाईसाठी रडले.' यातलं दुसरं वाक्य तुमचं आहे आणि त्याला कोणी हात लावू शकत नाही. पहिल्या वाक्यात चूक आहे. १९६२ ची ती रणजित देसाईंची कादंबरी आहे. माधवराव १७६१ मध्ये, पानिपत झाल्यावर त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी पेशवे झाले. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले, सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई सती गेल्या. एवढं इतिहासातलं. पण त्या दोघांनी एकमेकांशी एकांतात काय बोलावं, दिव्याच्या उजेडात ती कशी दिसावी, आजारपणात त्याने तिच्याकडे कसं बघावं, हे सगळं कादंबरीकाराने दिलेलं आहे. तुम्ही रडलात ते बहुतेक याच पानांवर. म्हणजे तुम्हाला रडवलं ते देसाईंच्या कल्पनेने, आणि श्रेय मात्र तुम्ही इतिहासाला देऊन टाकलंत. यात लेखकावर अन्याय होतो आणि इतिहासावरही.

ही गल्लत आपल्याकडे फार होते. घरोघरी लोक कर्ण शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' कादंबरीवरून सांगतात आणि महाभारतात असंच आहे म्हणतात. मला त्याची काळजी वाटते, कारण कादंबरीला पुरावा समजायची सवय लागली की पुढे पुरावा मागायचीही सवय जाते. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीच्या आधी एक अक्षर लिहीत जा, 'क' किंवा 'ख', कल्पित आणि खरं. आणि 'स्वामी' आवडली आहे तर वाचनालयात जाऊन सरदेसायांच्या 'मराठी रियासत' या इतिहासग्रंथातला माधवरावांच्या काळाचा भाग मागा. पंधरा-वीस पानंच वाचा, सगळं नको. कुठे कादंबरी इतिहासाचं बोट धरून चालते आणि कुठे ते सोडते, हे बघताना जी मजा येते ती वेगळीच. कादंबरी त्याने कमी आवडत नाही. मला तरी जास्त आवडली.

पण 'ख' लिहिलं म्हणजे काम संपत नाही, हे तुम्हालाच आधी सुचलेलं आहे. विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'पुढे तुम्ही लिहिलंय: 'गोष्टीसारखं वाटलं. सगळं खरं कसं असेल?' किती नेमकी शंका आहे ही! दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेला वरसईचा गरीब भिक्षुक बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो, जीव वाचवून घरी येतो. त्याने ते लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी. छापलं गेलं १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांनी, आणि तेही आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढली. म्हणजे बघितलं एकदा, आठवलं पंचवीस वर्षांनी, आणि आपल्या हातात आलं आणखी कोणाच्या तरी हातून. तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण भूक, तहान, सोवळं, अंगावरचे पैसे लपवणं असल्या गोष्टी तो ज्या बारकाव्याने सांगतो त्या बनवून सांगायचं त्याला कारण नव्हतं. मोठमोठ्या लोकांची संभाषणं तो देतो तिथे मी जरा थांबते. तुम्ही कुठे थांबलात? ते पान हवं होतं मला. नोंदीत ते नाही.

आता 'बलुतं'. तुम्ही लिहिलंय: 'रात्री झोप लागली नाही. चांगलं म्हणवत नाही. वाईट तर नाहीच नाही.' खाली दोन ओळी रिकाम्या सोडल्यात. पाठवलेल्या सगळ्या पानांत मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमक्या याच पुस्तकावर तुम्ही शनिवारी काही बोलत नाही, असं पत्रात दुसरीकडे म्हटलंय. का? चांगलं-वाईटच्या खणात बसत नाही म्हणून?

१९७८ मध्ये दया पवारांचं हे पुस्तक आलं तेव्हा बऱ्याच लोकांची झोप उडाली होती. बलुतं म्हणजे गावकीची कामं करणाऱ्याला धान्याचा मिळणारा वाटा, आणि पवारांच्या वाट्याला काय आलं ते त्यांनी न लपवता सांगितलं, घरच्या माणसांचंही. त्यात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो, एकाच माणसाची ही दोन नावं. स्वतःचंच आयुष्य दुसऱ्याचं असल्यासारखं ऐकावं लागावं, यात केवढं दुःख आहे! आणि त्यातली लहानपणीची कावाखाना ही वस्ती नागपाड्याकडची. तुमची गाडी भायखळ्याला थांबते तेव्हा खिडकीतून पश्चिमेकडे बघितलंत तर त्याच बाजूला. बावीस वर्षं रोज दोनदा तुम्ही तिथून जाताय. झोप उडायला हेही एक कारण असेल का? मी विचारतेय, सांगत नाहीये. त्या रिकाम्या दोन ओळी तुम्ही भरा. 'म्हणवत नाही' हे पूर्ण मत आहे, फक्त त्याच्यापुढे 'कारण' लिहायचं बाकी आहे. ते लिहायला वर्ष लागलं तरी चालेल.

मत बदललं तर जुनं खोडायचं का, असंही तुम्ही विचारलंय. मुळीच नाही. माझ्याकडेही वह्या आहेत. बाविसाव्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचून मी लिहिलं होतं: 'किती हसवते ही बाई!' आणि खरंच हसले होते, लक्ष्मीबाईंसारखं साधं, तिरपं, घरगुती बोलणं कागदावर आणणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. पुढे माझा नवरा अडीच वर्षं परगावी होता, पदरात दोन लहान मुलं, आणि मी ते पुस्तक पुन्हा काढलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बायकोला न सांगता मुंबईत ख्रिस्ती झाले. तिला ते मागून कळलं. पुढची पाच वर्षं ती कुठे राहिली, काय खाल्लं, मुलाला कसं सांभाळलं, आणि मग १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी चालत त्याच धर्मात कशी गेली, हे त्याच हसऱ्या भाषेत आहे. दुसऱ्या वेळी मला एकदाही हसू आलं नाही. त्या रात्री लिहिलं: 'ही हसतेय कारण रडायला बसली तर पोर उपाशी राहील.' दोन्ही नोंदी वहीत आहेत, दोन्हींवर तारीख आहे. पहिली वाचणारी मुलगी खोटी नव्हती. तुमच्या नोंदींवर तारखा नाहीत, तेवढ्या घालत जा. पंधरा वर्षांनी वही उघडाल तेव्हा पुस्तकांपेक्षा त्या तारखांपाशीच जास्त वेळ थांबाल.

बाकीच्या पानांवर थोडक्यात. ते यशाचं अनुवादित पुस्तक, ज्यापुढे तुम्ही 'दहा पानांत सांगता आलं असतं' लिहिलंय, त्याबद्दल माझंही तेच म्हणणं. 'एक होता कार्व्हर' मुलीने दोन दिवसांत संपवलं, हे वाचून बरं वाटलं. पण तुमचं स्वतःचं मत तिथे नाही, फक्त तिचं आहे. 'रणांगण' तीन दिवसांत झालं आणि शेवट सोसला नाही, हे तर होणारच. विश्राम बेडेकरांच्या १९३९ मधल्या त्या कादंबरीतली बोट, जर्मनीतून हाकलून दिलेले ज्यू, आणि एवढ्याशा पुस्तकात एवढं सगळं. गाडीत वाचणाऱ्यांनी अशी लहान पुस्तकं जवळ बाळगावीत असं माझं मत आहे. मोठी कादंबरी दादर ते घाटकोपर अशा तुकड्यांत वाचली की तिचा सूर तुटतो आणि दोष आपण लेखकाला देतो. म्हणून गाडीत वाचलं की घरी, तेही नोंदीत येऊ द्या.

'मुंबईचे वर्णन'ला तुम्ही 'कंटाळा, पण नावं वाचायला मजा' दिलंय. गोविंद नारायण माडगांवकरांचं हे पुस्तक १८६३ चं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, त्याला तेव्हा दहाच वर्षं झाली होती. ते पहिल्या पानापासून वाचायचं पुस्तक नाही, तिथे तुम्ही स्वतःवर जुलूम केलात. अधूनमधून उघडावं, आपल्या ओळखीची एखादी जागा शोधावी, दोन पानं वाचावी, मिटावं. तुम्ही तर बोरीबंदरलाच उतरता. तुमच्याइतकी त्या पुस्तकाची हक्काची वाचक कोण असणार?

पुढच्या दुसऱ्या शनिवारी जा. वही सोबत न्या आणि 'कोसला'ची नोंद जशीच्या तशी वाचून दाखवा, आणि हॉस्टेलवरच्या मुलीचंही सांगा. 'स्वामी'बद्दल सर बरोबर होते असं वाटत असेल तर तेही त्यांना सांगा, मोकळेपणाने. त्यांनी ते बोलायची रीत चुकली, मुद्दा चुकला नव्हता. आणि मग त्यांनाच विचारा: "सर, तुम्ही 'कोसला' पहिल्यांदा वाचलीत तेव्हा कुठे होतात? कोणत्या पानावर थांबलात?" टोमणा म्हणून विचारू नका, खरोखर ऐकायचं म्हणून विचारा. ज्या माणसाला एखादं पुस्तक सोडून दिलेलं इतकं लागतं, त्याच्याकडे त्या पुस्तकाची एखादी जागा नक्की असते. त्यांनी ती सांगितली तर खोलीतल्या सगळ्यांना काहीतरी मिळेल. नाही सांगितली, पुन्हा 'कळणं वेगळं' एवढंच म्हणाले, तर त्यांच्या त्या मतालाही पत्ता नाही हे सगळ्यांच्या लक्षात येईल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. आणि दहा-बारा जणांपैकी कोणीच तेव्हा तुमच्यासाठी बोललं नाही, याचा सल मनात ठेवू नका. मला वाटतं त्यातल्या दोघी-तिघींनी 'कोसला' चाळिसाव्या पानावरच सोडली असेल.

एक राहिलं. तुमच्या ९७ व्या नोंदीत पुस्तकाचं नावच नाही. 'दादर ते मुलुंड. उभ्यानेच. विक्रोळीला बाजूच्या बाईने पाणी दिलं' एवढंच आहे. क किंवा ख, काहीही असो, ते कोणतं पुस्तक होतं? आठवलं तर मला कळवा. मला ते वाचायचं आहे.